तणाचं फूल, तीन ॲप आणि एक दहापट भिंग

वाफ्यात न लावलेलं काहीतरी उगवतं. पानांवरून काही उमगत नाही, उपटायचं की ठेवायचं ते ठरत नाही, आणि मग एके सकाळी त्याला फूल येतं. फोन बाहेर निघतो. इथून पुढे कोणतं ॲप उघडावं, त्याला नेमकं काय दाखवावं आणि ते सांगेल त्या नावावर किती विसंबावं, एवढ्यापुरतं हे परीक्षण आहे. समोर ठेवलेल्या गोष्टी चार: प्लँटनेट, आयनॅचरलिस्ट (आणि त्याचंच धाकटं भावंड सीक), गूगल लेन्स, आणि खिशात मावणारं दहापट घडीचं भिंग.

निकाल आधीच सांगून टाकू. पटकन अंदाज हवा असेल तर प्लँटनेट. खात्री हवी असेल आणि थांबायची तयारी असेल तर आयनॅचरलिस्ट. तणांच्या बाबतीत गूगल लेन्स सगळ्यात शेवटी. पण चारांतली एकच गोष्ट ठेवायची म्हटलं तर भिंग ठेवावं. आपण चुकलो हे कोणतंही ॲप स्वतःहून सांगत नाही. ते फूल उलटं करून आपल्यालाच बघावं लागतं.

फूल उलटं करून म्हणजे काय, ते एका उदाहरणातच दिसेल. चिकणा (सिडा) हे तण जवळपास सगळ्यांच्या पाहण्यातलं: पाच पिवळसर पाकळ्या, मधे केसरांचा एक छोटा खांब, कातरलेल्या कडांची पानं, ओढलं तर सहज न तुटणारं चिवट खोड. अगदी याच रूपाचं दुसरं एक तण आहे, माल्वॅस्ट्रम कोरोमांडेलियानम. तेच कुळ, तोच रंग, तीच पाकळ्यांची ठेवण. समोरून काढलेल्या फोटोत दोघांत फरक करणं जाणकारालाही जड जातं. फूल उलटं केलं की मात्र प्रश्न मिटतो. माल्वॅस्ट्रमच्या निदलांखाली (फूल कळी असताना त्याला झाकणारी हिरवी दलं म्हणजे निदल) आणखी तीन बारीक, अरुंद हिरव्या पट्ट्या असतात. सिडाला त्या नसतात. हे बघायला दहा सेकंद आणि एक भिंग लागतं. ॲपला मात्र तुम्ही मागची बाजू दाखवली नसेल, तर त्या पट्ट्या आहेत की नाहीत हे त्याला कळायला मार्गच नाही. तरीही ते नाव सांगतं, आणि ठामपणे सांगतं.

पुढच्या सगळ्या गुणदोषांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

प्लँटनेट

फ्रान्समधल्या चार सार्वजनिक संशोधन संस्थांनी, सिराद, इनरे, इन्रिया आणि आयआरडी यांनी, २००९ च्या सुमारास सुरू केलेला हा प्रकल्प. फक्त वनस्पतींसाठीच बनवलेलं ॲप, आणि ते जाणवतं. फोटो दिला की ते विचारतं: हे फूल आहे, पान, फळ, साल की पूर्ण झाड? हा प्रश्न बरेच जण कंटाळून कसाबसा उरकतात. तसं करू नये. फुलाचा फोटो 'फूल' म्हणून आणि पानाचा 'पान' म्हणून नीट नोंदवला तर यादी सुधारते. एकाच रोपाचे अनेक फोटो एकत्र देता येतात आणि ते द्यावेतच. एकट्या फुलाच्या फोटोवर येणारं उत्तर आणि फूल, पान, फळ असे तिन्ही दिल्यावर येणारं उत्तर, यांत पुष्कळदा पूर्ण वंशाचा (जवळच्या जातींचा गट म्हणजे वंश, जवळच्या वंशांचा गट म्हणजे कुळ) फरक पडतो.

दुसरी सोय प्रदेशाची. कोणत्या भागातल्या वनस्पतींमधून शोधायचं ते निवडता येतं. हे न निवडता जगभरच्या यादीतून शोधलं, तर आपल्याकडे कधीही न उगवणारी जात पहिल्या क्रमांकावर येऊ शकते. तणांच्या बाबतीत मात्र यालाही एक उलटी बाजू आहे. तणं प्रवासी असतात. मातीतून, बियाण्यातून, रोपवाटिकेच्या कुंडीतून कुठूनही येतात. म्हणून आधी आपल्या प्रदेशात शोधावं, उत्तर पटलं नाही तर जगाच्या यादीत बघावं. क्रम हाच ठेवावा.

उत्तरांच्या यादीत प्रत्येक नावाबरोबर एक गुण दिसतो. गफलत होते ती इथे. समजा पहिल्या नावापुढे ७० टक्के दिसले, तर याचा अर्थ 'शंभरात सत्तर वेळा बरोबर' असा नाही. ॲपला माहीत असलेल्या जातींमध्ये हा फोटो कोणाशी किती जुळतो, याची ती आपसांतली तुलना आहे. तुमचं तण त्याच्या यादीतच नसेल, तरी ते कोणाशी तरी जुळवणारच. म्हणून आकड्यापेक्षा यादीची ठेवण वाचावी. पहिली तीन नावं एकाच वंशातली असतील तर वंश बहुधा बरोबर आहे आणि जात तुम्हाला ठरवायची आहे. तिन्ही नावं तीन वेगळ्या कुळांतली असतील तर फोटो वाईट आहे. नावांवर डोकं न घालवता नवा फोटो काढावा. पहिलं नाव बाकीच्यांच्या खूप पुढे असेल, तरी त्याखाली दाखवलेले इतरांचे फोटो उघडून फुलाची मागची बाजू, पानांची मांडणी आणि फळ जुळतंय का ते बघावं. प्लँटनेटचं खरं मोल त्या फोटोंच्या साठ्यात आहे, टक्क्यांत नाही.

आणखी एक परीक्षा फुकटात होते. त्याच रोपाचे तीन वेगळ्या वेळी, वेगळ्या कोनांतून काढलेले फोटो तीनदा स्वतंत्रपणे द्यावेत. तिन्ही वेळा तेच नाव आलं तर उत्तर निदान डळमळीत नाही एवढं कळतं.

आयनॅचरलिस्ट आणि सीक

आयनॅचरलिस्ट २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झालं. २०२३ पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. इथेही फोटो दिला की यंत्र नावं सुचवतं, पण ती फक्त सुरुवात. पुढे माणसं बघतात. तुमच्या नोंदीवर दुसरे लोक आपापलं मत देतात, आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त जणांचं जातीवर एकमत झालं की नोंदीला 'रिसर्च ग्रेड' असा शिक्का मिळतो. दोन मतं तरी लागतात, आणि त्यांतलं एक तुमचंच असू शकतं.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा. तुम्ही यंत्राने सुचवलेलं नाव जसंच्या तसं टाकलं आणि दुसऱ्या कोणी न बघताच 'मान्य' दाबलं, तरी शिक्का बसतो. म्हणून मान्य करणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून बघावं: त्या कुळातल्या किती नोंदी त्याने ओळखल्या आहेत? घेवडा कुळातल्या हजारो नोंदी ओळखलेल्या माणसाने 'वंश बरोबर, जात सांगता येत नाही' असं लिहिलं, तर ते घाईच्या दोन 'मान्य'पेक्षा वजनदार समजावं. पुष्कळ जण यावर हिरमुसतात. वास्तविक 'जात सांगता येत नाही' हे या सगळ्या सेवांमध्ये मिळणारं सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे.

इथे वारंवार होणाऱ्या चुका दोन. पहिली, बागेतली नोंद म्हणून 'लावलेली वनस्पती' ही खूण करणं. तण आपोआप उगवलेलं असतं, ते कुंडीत असलं तरी कोणी लावलेलं नसतं. ती खूण केली की नोंद मागे पडते आणि ओळखणारे तिकडे फारसे फिरकत नाहीत. दुसरी चूक म्हणजे घरच्या बागेचं अचूक ठिकाण जगाला दाखवणं. ठिकाण अंधुक ठेवण्याची सोय आहे, ती वापरावी. तेवढ्याने ओळखीत अडचण येत नाही.

नोंदीत चार ओळी लिहिल्या तर उत्तर लवकर आणि चांगलं येतं. 'हे काय आहे?' या प्रश्नावर कोणी थांबत नाही. 'पाच पाकळ्या, पुंकेसर दहा, पाच लांब आणि पाच आखूड, चीक नाही, सकाळी उमललेलं' असं लिहिलं की जाणकाराचं अर्धं काम होतं. फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी तर लिहायलाच हव्यात: वास, चीक, खोड चिकट आहे का, फूल किती वाजता उमललं. तरीही काही नोंदी महिनोन्‌महिने तशाच पडून राहतात. गवतं, लव्हाळे आणि माठाच्या जातभाईंच्या नशिबी हे हमखास.

सीक त्याच कुटुंबातलं. खातं उघडावं लागत नाही, कॅमेरा रोपावर धरला की ते वरून खाली उतरत जातं: आधी 'सपुष्प वनस्पती', मग कुळ, मग वंश, जमलं तर जात. मुलांच्या हातात द्यायला उत्तम. मोठ्यांनाही एक गोष्ट शिकवतं: कॅमेरा फुलाच्या समोरून बाजूला आणि मग मागे नेला की ते कुळावरून वंशावर सरकतं, म्हणजे कोणत्या बाजूने नवी माहिती मिळाली ते डोळ्यांदेखत दिसतं. मात्र तपासणारं माणूस मागे नाही, त्यामुळे सीकच्या शब्दावर उपटणं-ठेवणं ठरवू नये.

गूगल लेन्स

चित्राशी चित्र जुळवण्यात हे २०१७ पासून तरबेज आहे आणि बहुतेकांच्या फोनमध्ये आधीच असतं. शोभेचं झाड असेल तर चालून जातं, कारण शोभेच्या झाडांचे सुबक फोटो आंतरजालावर ढिगाने आहेत. तणांचे नाहीत. पाच मिलिमीटरच्या पांढऱ्या फुलाला ते एखाद्या विकाऊ रोपाचं नाव चिकटवण्याचा धोका मोठा, आणि उत्तराबरोबर वंश, कुळ अशी उतरंड किंवा गुणही येत नाहीत. त्यामुळे चुकीचं उत्तर किती चुकीचं आहे ते कळायला वाव नाही. दुसऱ्या दोन ॲपनी दिलेल्या शास्त्रीय नावाची चित्रं बघायला ते वापरावं. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

भिंग

दहापट म्हणजे साधारण २५ मिलिमीटर केंद्रांतर. यापेक्षा जास्तीचा मोह टाळावा. वीसपट भिंगाने फुलाचा फार छोटा तुकडा दिसतो, वस्तू सव्वा सेंटिमीटरवर आणावी लागते, उजेड अडतो आणि हात हलला की सगळं निसटतं. बागेत दहापट पुरे. काचा एकच, दोन किंवा तीन असतात; तीन काचांचं, ज्याला ट्रिप्लेट म्हणतात, ते घेतलं तर कडेला रंगांची झालर दिसत नाही आणि चित्र कडेपर्यंत सरळ राहतं. काचेचा व्यास १८ ते २१ मिलिमीटर असला की नजर आरामात फिरते.

फसवणूक इथे आकड्यांत होते. हलक्या भिंगांवर ३०, ४० असे आकडे बिनधास्त छापलेले असतात. तपासायची रीत सोपी आहे. खिडकीपासून दूर, समोरच्या भिंतीजवळ उभं राहून पांढऱ्या कागदासमोर भिंग धरायचं आणि खिडकीबाहेरच्या दृश्याचं उलटं चित्र कागदावर स्पष्ट उमटेपर्यंत पुढेमागे करायचं. भिंगापासून कागदाचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि २५० ला त्याने भागायचं. २५ मिलिमीटर आलं तर भिंग दहापट आहे. खरोखर तीसपट असतं तर हे अंतर जेमतेम ८ मिलिमीटर भरलं असतं.

धरायची पद्धत बहुतेकांची चुकते. भिंग हात लांब करून फुलावर धरलं जातं, कागद वाचायच्या मोठ्या भिंगासारखं. दहापट भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं, चष्मा असेल तर चष्म्याला, भिंग धरलेल्या हाताचा अंगठा गालावर टेकवायचा, आणि फूल दुसऱ्या हाताने जवळ आणायचं. साधारण अडीच सेंटिमीटरवर ते एकदम स्पष्ट होतं. पाठ उजेडाकडे नको. उजेड बाजूने फुलावर पडायला हवा. दोन्ही हात एकमेकांना टेकलेले असतील तर थरथर थांबते.

आणि हेच भिंग फोनच्या कॅमेऱ्यासमोर टेकवलं की तो सूक्ष्म फोटो काढणारा कॅमेरा होतो. बहुतेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला आठ-दहा सेंटिमीटरच्या आत स्पष्ट दिसत नाही. भिंग लावलं की ते अंतर दोन-अडीचवर येतं. कडा काळ्या येतात, त्या कापून टाकायच्या.

ॲपला काय खायला घालायचं

फोटो रोप उपटण्याआधी काढायचे. तोडलेलं फूल तळहातावर ठेवून काढलेला फोटो दिसायला छान, पण त्यात पानं समोरासमोर होती की एकाआड एक, हे हरवतं, आणि निम्म्या कुळांचा निवाडा तिथेच होतो. कमीत कमी पाच फोटो लागतात: पूर्ण रोप, फूल समोरून, फूल बाजूने, फूल मागून, आणि देठासह पान जिथे खोडाला जोडलंय तो सांधा. फळ किंवा शेंग धरली असेल तर सहावा फोटो तिचा, आणि खरं म्हणजे पहिला. फोटोत कुठेतरी मोजपट्टी किंवा आगपेटीची काडी ठेवावी. ॲपला तिचा उपयोग नाही, पण नंतर बघणाऱ्या माणसाला आहे.

सगळ्यात जास्त बिघडतं ते स्पष्टतेचं. बारीक देठावरचं लहान फूल सोडून कॅमेरा मागच्या मातीवर स्थिरावतो. फुलामागे तळहात किंवा गडद कापड धरलं की हे थांबतं. दुसरा बिघाड पांढऱ्या आणि फिक्या पिवळ्या फुलांचा: उन्हात ती भाजल्यासारखी निव्वळ पांढरी येतात आणि पाकळ्यांमधल्या फटी दिसेनाशा होतात. पडद्यावर फुलावर बोट टेकवून उजेड खाली ओढायचा किंवा रोपावर स्वतःची सावली पाडायची. डिजिटल झूम वापरू नये. त्याने नवं काही दिसत नाही, आहे तेच ताणलं जातं. आणि चौकटीत एकच जात हवी. शेजारच्या दुर्वांची पानं आणि आंबुशीचं फूल एकत्र आलं की यंत्राचा गोंधळ होणारच.

वेळही पाळावी लागते. घोळीचं पिवळं फूल चांगल्या उन्हात काही तास उघडतं आणि मिटतं. केन्याचं निळं फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत विरघळल्यासारखं होतं. दुपारी चारला फोटो काढून 'ॲपला केना ओळखता येत नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

फूल फसवतं तिथे

सूर्यफुलाच्या कुळात आपण ज्याला फूल म्हणतो तो पुष्कळ बारीक फुलांचा गुच्छ असतो, आणि कडेची 'पाकळी' म्हणजे एक अख्खं फूल. बागेतली पांढऱ्या फुलांची किती तरी तणं याच कुळातली, म्हणून ॲपची सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. वेगळी करायची ती अशी. दगडी पाला ऊर्फ एकदांडी (ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स): वीतभर किंवा त्याहून लांब, बिनपानाच्या दांड्यावर एकच गुच्छ, मधे पिवळा, कडेला बहुधा पाच फिक्या, टोकाशी तीन दाते असलेल्या पाकळ्या. गॅलिन्सोगा पार्विफ्लोराच्याही कडेला पाचच तीनदाती पाकळ्या असतात, म्हणून नुसत्या फुलाच्या फोटोवर दोघांची अदलाबदल होते; पण तिचे गुच्छ जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे आणि फांद्यांच्या टोकांना बरेच असतात. गाजर गवताचे गुच्छ तेवढेच लहान, पण पाकळ्या इतक्या आखूड की पाच कोपऱ्यांवर पाच पांढरे ठिपके वाटावेत, आणि पान गाजरासारखं बारीक चिरलेलं. माक्याच्या पांढऱ्या पाकळ्या केसासारख्या, पुष्कळ. खोड चुरडलं की रस काळा पडतो. ओसाडीला (एजिरेटम) कडेच्या पाकळ्याच नसतात, नुसते धाग्यांचे झुबके.

ओसाडीतही दोन जाती आहेत आणि दोन्ही बागेत भेटतात. झुबक्याखालची हिरवी छदं (झुबक्याला खालून वेढणारी बारीक पानं) भिंगाखाली बघायची. ती जवळजवळ गुळगुळीत, टोकाशी एकदम निमुळती असतील तर एजिरेटम कोनिझॉइडीस. चिकट लवीने भरलेली, हळूहळू निमुळती होत गेलेली असतील तर शोभेसाठी लावतात ते एजिरेटम हौस्टोनियानम. झुबक्याच्या वरून काढलेल्या फोटोवर हे ठरवणं म्हणजे नाणं उडवणंच.

दुधीच्या (युफोर्बिया) बाबतीत फूल हा शब्दच फसवा. जे फूल दिसतं तो एक छोटा पेला असतो. आत एकेका पुंकेसराची नरफुलं आणि मधे देठावर लोंबणारं एकच मादीफूल, ज्याचं पुढे तीन कप्प्यांचं फळ होतं. पाकळ्या मोजत बसू नये. पान तोडून चीक बघावा. जमिनीला चिकटून पसरणारी दुधी आणि कोवळी घोळ फोटोत एकमेकींसारखी दिसतात. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही. हा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, चांगलाच झोंबतो.

भुईआवळ्याची फुलं शोधायची तर फांदी उलटी करावी लागते. संयुक्त पानासारखी दिसणारी ती खरं तर फांदी, आणि तिच्या खालच्या बाजूला पानांच्या बगलेत मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फुलं. भिंगाखाली फुलाची दलं पाच आणि देठावरचं फळ गुळगुळीत असेल तर फायलँथस अमारस. दलं सहा आणि जवळजवळ बिनदेठाचं, खरबरीत फळ असेल तर फायलँथस युरिनारिया. दोन्ही ॲप इथे वंशापर्यंत नीट आणतात. पुढचं तुमचं.

काही ठिकाणी मात्र नुसती मोजणी पुरते. मोहरीच्या कुळात चार पाकळ्या क्रुसासारख्या आणि सहा पुंकेसर, चार लांब दोन आखूड. पिवळ्या तिळवणीलाही चारच पिवळ्या पाकळ्या, पण चारही एका बाजूला वर वळलेल्या, केसर पुष्कळ आणि सगळं रोप चिकट. तीन पाकळ्या दिसल्या की एकदल वनस्पतींकडे बघायचं. कर्ण्यासारख्या फुलांच्या वेलीत आत डोकावून कुक्षी (मधल्या स्त्रीकेसराचं टोक) बघायची: गोल गाठीसारखी असेल तर आयपोमिया, दोन बारीक धाग्यांत विभागलेली असेल तर कॉन्व्हॉल्व्ह्युलस. लिनियसने अठराव्या शतकात वनस्पतींचे वर्ग पाडले तेही पुंकेसर मोजून. ती पद्धत शास्त्रात मागे पडली, पण मोजायची सवय मागे पडायला नको.

गवतांना या परीक्षणात शून्य गुण द्यावे लागतील, ॲपलाही आणि भिंगालाही. फुलोरा आला नसेल तर फार तर एवढं करावं: खोड बोटांत फिरवून बघावं. तीन धारा लागल्या तर तो लव्हाळ्याच्या कुळातला, गोल फिरलं तर बहुधा खरं गवत.

ॲपचं नाव कुठे पुरत नाही

छत्रीसारखा पांढरा फुलोरा असलेलं, गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं काही उगवलं तर कोणत्याही ॲपच्या भरवशावर ते तोंडात घालू नये. रानगाजराच्या खोडावर लव असते. कोनियम मॅक्युलॅटमचं खोड गुळगुळीत, जांभळ्या ठिपक्यांचं असतं आणि ते जीवघेणं विषारी आहे. ओळख चुकण्याची शक्यता कितीही लहान असली तरी इथे ती परवडत नाही. गाजर गवत हाताळताना हातमोजे घालावेत. त्याने अनेकांच्या त्वचेवर पुरळ उठतं. भिंगाखाली बघायचं म्हणून ते नाकाशी आणणं तर टाळावंच. भिंग कॅमेऱ्याला लावून फोटो काढावा आणि तो मोठा करून बघावा.

दोन ॲपनी दोन नावं दिली म्हणून लगेच गोंधळून जाऊ नये. शास्त्रीय नावं बदलतात. सहदेवीला कुठे व्हर्नोनिया सिनेरिया तर कुठे सायंथिलियम सिनेरियम म्हटलेलं दिसेल. पिवळी तिळवण क्लिओम व्हिस्कोसाही आहे आणि अरिव्हेला व्हिस्कोसाही. रोप एकच. उलट मराठी नावांचं: सहदेवी हे नाव ओसाडीलाही दिलं जातं. म्हणून शोधताना शास्त्रीय नाव वापरावं, आणि नावं वेगळी दिसली की आधी जुनं-नवं नाव आहे का ते बघावं.

उत्तर कुठूनच आलं नाही तर फूल-फळासह एक फांदी वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत ठेवून वर वजन ठेवावं आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलावा, नाहीतर बुरशी धरते. एक-दोन फुलं उघडून, मागची बाजू वर येईल अशी पसरावीत. तारीख, उंची, फुलाचा रंग आणि चीक होता की नाही, हे कागदाच्या कडेला तेव्हाच लिहावं, कारण वाळल्यावर यांतलं काहीच सांगता येत नाही. केन्याची निळी पाकळी तर कागदात टिकतच नाही. तिचा फोटो सकाळीच काढून ठेवावा लागतो.